धागा: शिंका, गळकं नाक, बंद नाक – ठाणे-नवी मुंबईतली अ‍ॅलर्जीची सर्दी

खाडीपलीकडे
सप्टेंबर संपत आला की इथे तोच प्रश्न पाच धाग्यांवर फिरतो. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाकातून पाणी, टाळूला खाज आणि रात्री नाक चोंदलेलं. उत्तरंही विखुरलेली असतात, म्हणून सगळं एका जागी आणतोय. विषय माहीत असलेल्यांनी नेमकं लिहा. 'हळदीचं दूध घ्या' इथे खूप वेळा लिहून झालंय.

आधी ओळख. विषाणूच्या सर्दीत कणकण, अंगदुखी, घसादुखी असते आणि सात ते दहा दिवसांत उतार पडतो. अ‍ॅलर्जीत ताप नसतो, खाज मात्र बहुतेकांना असते: नाकाला, डोळ्यांना, टाळूला, कानाच्या आतही. शिंका एकामागोमाग येतात आणि स्राव पाण्यासारखा पातळ असतो. मुलं तळहाताने नाक वर ढकलत चोळतात, त्यामुळे नाकावर आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसर छटा येते, रात्री तोंड उघडं राहतं.

आत दोन लाटा येतात. ज्या कणाशी शरीराने वैर धरलंय त्याच्याविरुद्धच्या आयजीई प्रतिपिंडांनी (अ‍ॅलर्जी घडवणारी रक्तातली प्रथिनं) मास्ट पेशी, म्हणजे हिस्टामिन साठवणाऱ्या पेशी, आधीच सज्ज असतात. कण आला की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं, म्हणजे शिंका, खाज, पाणी. चार ते आठ तासांनी इओसिनोफिल वगैरे दाह वाढवणाऱ्या पेशी गोळा होतात, अस्तर सुजतं आणि नाक बंद होतं. अँटिहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिनला अडवणारी गोळी, पहिल्या लाटेवर चांगली चालते, दुसरीवर तोकडी पडते. 'गोळी घेतली की शिंका थांबतात पण नाक उघडत नाही' ही तक्रार याच कारणाने येते.

तीव्रता ठरवायला सोपी मोजपट्टी: त्रास आठवड्यात ४ किंवा जास्त दिवस आणि सलग ४ किंवा जास्त आठवडे असेल तर 'सततचा', त्याहून कमी असेल तर 'अधूनमधूनचा'. झोप, शाळा किंवा काम बिघडत असेल तर 'मध्यम ते तीव्र'. उपचार यावरूनच ठरतात.

घोडबंदरी
छान सुरुवात. आमच्या पट्ट्यातला नेहमीचा वाद इथेच मिटवा. ऑक्टोबरमध्ये सप्तपर्णी फुलली की सोसायट्यांत झाडं तोडायच्या सह्या गोळा होतात. दोष खरंच झाडाचा आहे का?

येऊरवाट
सप्तपर्णीला एवढ्यात फाशी नको. ज्या फुलांना वास असतो ती सहसा कीटकांना बोलावतात. त्यांचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्यावर फार लांब जात नाहीत. सप्तपर्णीचा उग्र वास रात्री कोंडला की डोकं धरतं, नाक चुरचुरतं, पण ते बहुतेक वेळा वासाने चेतलेल्या मज्जातंतूंचं काम असतं, आयजीईचं नाही. आधीच सुजलेलं नाक अत्तर, फिनेल, उदबत्ती, रंगाचा वास कशानेही पेटतं. फरक असा की नुसत्या वासाच्या त्रासावर अँटिहिस्टामिनचा फारसा उपयोग होत नाही.

परागांचे खरे संशयित दिसायला अगदी साधे असतात, म्हणजे गवतं. येऊर, पारसिक, खारघरच्या टेकड्या आणि मोकळे प्लॉट पावसाळ्यात हिरवे होतात आणि ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत तुऱ्यावर येतात. मोकळ्या प्लॉटवरचं गाजरगवत त्यात भर घालतं. गवत कापायचं तर तुरा येण्याआधी कापा. फुलोऱ्यात कापणी म्हणजे पराग उधळणं. त्या महिन्यांत टेकडीवर जाणाऱ्यांनी आल्यावर कपडे बदलावे, चेहरा आणि डोकं धुवावं, कपडे गच्चीत वाळत घालू नयेत.

तरीही आपल्या किनारपट्टीत पराग दुय्यम मानावेत. 'हे फीवर' हे नाव इंग्लंडच्या उन्हाळ्यातल्या वाळल्या गवताशी जोडलेलं. तिथे १८१९ मध्ये जॉन बोस्टॉकने या आजाराचं वर्णन केलं आणि १८७३ मध्ये चार्ल्स ब्लॅक्लीने तो परागांमुळे होतो हे स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. आपल्याकडे वर्षभर चालणारा त्रास घराच्या आतला असतो. झाडाखालून चालताना कमी आणि पहाटे अंथरुणात जास्त शिंका येत असतील तर गादीकडे बघा.

ओलसर_भिंत
गादीवर मी लिहितो.

धुळीतले माइट हे गादीत, धुळीत राहणारे सूक्ष्म जीव, किडा चावला असला प्रकार नव्हे. ते डोळ्याला दिसत नाहीत, चावत नाहीत, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतली आर्द्रता अंगात ओढून घेतात. म्हणून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकवली तर ते सुकून मरतात. पावसाळ्यात खाडीकाठी बाहेरची हवाच ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा 'खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा' हा सल्ला जुलैत माइटना मदतच करतो. पाऊस ओसरल्यावर मेलेले माइट आणि त्यांची विष्ठा वाळून भुगा होते आणि दिवाळीच्या साफसफाईत ती उडते. अ‍ॅलर्जी मुख्यतः विष्ठेतल्या प्रथिनांची असते.

करायचं काय:

चादरी, उशीचे अभ्रे, पातळ पांघरुणं आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. हीटर असलेल्या मशीनवर तो पर्याय असतो. थंड पाण्याने प्रथिनं निघून जातात पण माइट मरत नाहीत, ते पुन्हा वाढतात. हीटर नसेल तर कढत पाण्यात भिजवून मग धुवा. गोधड्या आणि कापसाच्या गाद्यांना कडक ऊन दाखवा, पण झटकण्याचं काम अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाकडे, तेही गच्चीवर.

बॉक्सबेडमध्ये कोंबलेले जुने कपडे आणि माळ्यावरच्या गाद्या काढा. झोपायच्या खोलीत हे सगळ्यात मोठं कोठार असतं आणि तिकडे कोणी बघतच नाही.

झाडूऐवजी ओलं फडकं. व्हॅक्युम असेल तर हेपा (बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा, नाहीतर तो एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूने बारीक धूळ उडवतो.

गादीला माइटरोधक खोळी विकणारे खूप आहेत. फक्त खोळी घालून नाकाच्या त्रासात फरक पडला नाही असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. खोळी, गरम धुणं, आर्द्रता, अडगळ हे सगळं एकत्र केलं तर अर्थ आहे. एअर प्युरिफायरचंही तसंच. माइटचे कण जड असतात, अंथरूण झटकल्यावर उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात, यंत्रापर्यंत पोचतच नाहीत. मांजराची अ‍ॅलर्जी किंवा बांधकामाची बारीक धूळ असेल तर प्युरिफायरचा उपयोग जास्त.

आता बुरशी. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारती आणि ठाण्यातल्या पत्रे टाकलेल्या जुन्या गच्च्या, दोन्हीकडे गळती हा मूळ आजार. काळ्या डागावर रंग मारला की पुढच्या पावसात तो रंगातूनच वर येतो. आधी पाणी कुठून येतं ते शोधा: बाहेरच्या भिंतीची भेग, वरच्या मजल्याच्या न्हाणीघराचा सांधा, खिडकीची चौकट की गच्चीचं वॉटरप्रूफिंग. ते बंद झालं, भिंत पूर्ण वाळली, मग डाग मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. कोरडं खरवडू नका, बीजाणू घरभर होतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा.

एसीचं फिल्टर वापराच्या दिवसांत दर पंधरवड्याला धुवून, पूर्ण वाळवून बसवा. पावसाळ्यात ड्राय मोड वापरला तर आर्द्रता थोडी उतरते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, अंदाजापेक्षा ते बरं.

चुलीपाशी
झुरळं राहिली! स्वयंपाकघरातल्या झुरळांची विष्ठा आणि अंगाचे तुकडे हे मोठं अ‍ॅलर्जीचं कारण आहे, दम्याशीही त्याचा जवळचा संबंध. फवारा मारू नका, त्याचा वासच नाक पेटवतो आणि झुरळं शेजाऱ्याकडे जाऊन परत येतात. जेलचे ठिपके सिंकखाली, फ्रिजच्या मोटारीजवळ, दरवाज्यांच्या बिजागरीपाशी लावा. रात्री सिंक कोरडं आणि कचऱ्याला झाकण. मेलेली झुरळं ओल्या कागदाने उचला. डासांची कॉइल, धूप आणि ओवाळणीचा कापूर ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण सुजलेल्या नाकाला धूर तो धूरच.

घोडबंदरी
आणि कबुतरं?

ओलसर_भिंत
त्याचं खातं वेगळं. कबुतरांच्या विष्ठेचा मुख्य धोका फुप्फुसाला आहे, तिथला दाह आयजीईच्या वाटेने होत नाही. कोरडा खोकला आणि जिना चढताना दम लागणं वाढत असेल तर ते नाकाचं दुखणं समजून गोळ्या खात बसू नका, छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

औषधपेटी
औषधांवर थोडं लांब लिहिते, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो.

सततच्या त्रासावर पहिला उपाय नाकातला स्टेरॉइड स्प्रे. 'स्टेरॉइड' ऐकून लोक बाटली परत देतात. पोटात घेतलेली गोळी आणि हा फवारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन फ्युरोएट यांचा एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तात पोचतो. मोमेटासोन ५० मायक्रोग्रॅमचा किंवा फ्लुटिकासोन फ्युरोएट २७.५ मायक्रोग्रॅमचा फवारा, मोठ्यांना प्रत्येक नाकपुडीत रोज एकदा दोन. लहान मुलांना सहसा एक, आणि वयाची खालची मर्यादा औषधागणिक बदलते, ती डॉक्टरांकडून घ्या. मुलं महिनोन्‌महिने वापरत असतील तर अधूनमधून उंची मोजावी. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर आधी सांगा.

हा स्प्रे रोज मारायचा, फक्त लागेल तेव्हा नाही. पहिला फरक १२ तासांत जाणवू शकतो, पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे. तिसऱ्या दिवशी 'काही होत नाही' म्हणून सोडणारे सगळ्यात जास्त. आणि पुष्कळांचं औषध बरोबर असतं, मारण्याची पद्धत चुकते:

१. नाक हलकेच शिंकरा. खूप चोंदलं असेल तर आधी सलाइनने (मिठाच्या पाण्याने) धुवा.
२. बाटली हलवा. नवी असेल तर एकसारखा धुकट फवारा येईपर्यंत हवेत मारा. किती वेळा ते पत्रकात असतं.
३. मान किंचित खाली, पायांकडे बघितल्यासारखी. मागे नाही.
४. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा. टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाह्य कोपऱ्याकडे वळतं.
५. दाबताना अगदी हलका श्वास आत. जोरात ओढलं तर औषध घशात.
६. नंतर पंधरा मिनिटं नाक शिंकरू नका.

नाकातून रक्ताचा ठिपका येतो तो बहुधा टोक मधल्या पडद्यावर रोखल्यामुळे. हात बदलला की बहुतेकांचं थांबतं. थांबलं नाही तर स्प्रे बंद ठेवून दाखवून घ्या.

एवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅझेलास्टिन आणि फ्लुटिकासोन एकत्र असलेला स्प्रे डॉक्टर देतात. तो कडू लागतो, मान मागे गेली तर फारच.

गोळ्या: लेव्होसेट्रिझिन ५ मिलिग्रॅम, फेक्सोफेनाडिन १२० मिलिग्रॅम, बिलास्टिन २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. पहिलीने काहींना झोप येते, म्हणून रात्री. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतली तर शोषण घटतं, पाण्याबरोबरच घ्या. बिलास्टिन जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते.

क्लोरफेनिरामिन असलेल्या 'सर्दीच्या गोळ्या' मेंदूपर्यंत पोचतात आणि गुंगी आणतात. सकाळी घोडबंदर रोडवर किंवा पाम बीचवर गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. नाक मोकळं करायला त्यांत घातलेलं फेनिलएफ्रिन तोंडावाटे घेतलं तर नाक उघडत नाही, असंच अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, म्हणजे एफडीएच्या, सल्लागार समितीने २०२३ मध्ये सांगितलं. या दोघांची जोडी चार वर्षांखालील मुलांना द्यायची नाही असे आदेश आपल्याकडच्या औषध नियंत्रकांनीही २०२३ च्या डिसेंबरात दिले.

घोडबंदरी
आणि ती 'रात्रीची गोळी'? मॉन्टेलुकास्टची?

औषधपेटी
मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेट्रिझिनची जोडगोळी आपल्याकडे चण्याफुटाण्यासारखी खपते. नुसत्या नाकासाठी मॉन्टेलुकास्ट स्प्रेपेक्षा कमजोर आहे. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार असे परिणाम काहींना होतात, म्हणून एफडीएने मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा लावला आणि सौम्य त्रासात टाळायला सांगितलं. दमा सोबत असेल तर गणित वेगळं. मुलाचा स्वभाव गोळीनंतर बदलला असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

दुसरा सापळा थेंबांचा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन दोन मिनिटांत नाक उघडतं, म्हणून सोडवत नाही. रक्तवाहिन्या आवळून ते काम करतं. सलग पाचेक दिवसांपुढे गेलं की असर उतरल्यावर अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं आणि माणूस आणखी थेंब घालतो. वर्षानुवर्षं खिशात बाटली घेऊन फिरणारे यातलेच. सुटका: स्टेरॉइड स्प्रे दोन्ही बाजूंनी सुरू करायचा आणि थेंब आधी एका नाकपुडीचे बंद, ती मोकळी राहायला लागली की दुसरीचे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेलं बरं. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर थेंब विचारल्याशिवाय नकोच.

तुर्भे_नाका
दिवाळीआधी 'एक सुई मारली की सीझन निघतो' म्हणतात ती?

औषधपेटी
लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडची सुई. नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी ती शिफारशीत नाही. साखर, हाडं, अधिवृक्क ग्रंथी सगळ्यांवर परिणाम होतो, आणि एकदा टोचलं की काढता येत नाही.

पहाटवारा
जलनेतीबद्दल, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याबद्दल. धूळ, स्राव, पराग धुतले जातात, स्प्रे नीट पोचतो, औषधाची गरज थोडी घटते. पाण्यात मीठ १ लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे २५० मिलीला सव्वादोन ग्रॅम: चहाचा सपाट चमचा अर्ध्याहून थोडा कमी. आयोडीन नसलेलं मीठ, वर चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं तर नाकात झणझणतं, पोहताना पाणी गेल्यासारखं. पाणी कोमट. डोकं पुढे आणि बाजूला, तोंडाने श्वास, वरच्या नाकपुडीतून सोडायचं, खालच्यातून बाहेर. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच फुंकायचं. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. नाक पूर्ण बंद असताना किंवा कान दुखत असताना करू नये. आरओचं पाणी चालतं.

औषधपेटी
सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. आरओचं पाणी निर्जंतुक नसतं, टाकीत आणि नळीत जंतू वाढतात. प्यायला चालणारं पाणी नाकाला चालतं असं नाही. नेग्लेरिया नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून मेंदूत गेला तर बहुतेक वेळा जीव घेतो. केरळात अमीबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण २०२४ मध्ये सापडले. प्रकार दुर्मिळ आहे, पण पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा, त्याच दिवशी वापरा. लोटा रोज धुवून कोरडा ठेवा.

वाफेने तात्पुरतं बरं वाटतं, अ‍ॅलर्जी कमी होत नाही, आणि लहान मुलं भाजण्याची भीती. बामने नाक उघडल्याचा फक्त भास होतो: मेन्थॉल थंडाव्याच्या संवेदना चेतवतं, सूज तशीच राहते.

तुर्भे_नाका
चाचण्यांचं सांगतो. त्वचेवरची प्रिक टेस्ट पुरेशी असते. हातावर थेंब, टोचणी, १५ ते २० मिनिटांत वाचन. मिठाच्या पाण्याच्या थेंबापेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध आली तर पॉझिटिव्ह. आधी सुमारे आठवडाभर अँटिहिस्टामिन बंद लागतात, नाकातला स्टेरॉइड स्प्रे चालतो. सर्दी-खोकल्याच्या मिश्रणातही अँटिहिस्टामिन असतं हे विसरून लोक येतात आणि तुलनेसाठी घातलेला हिस्टामिनचा थेंबही उठत नाही, चाचणी वाया. गोळ्या बंद करता येत नसतील किंवा अंगभर त्वचारोग असेल तर रक्तातली विशिष्ट आयजीई.

एकूण आयजीईचा आकडा बघून घाबरू नका, जंतांनीही तो वाढतो. दोन-तीनशे पदार्थांचं पॅनेल आणि खाण्याच्या पदार्थांची आयजीजी (आयजीईहून वेगळ्या प्रतिपिंडांची) चाचणी यात पैसे घालू नका. पॉझिटिव्ह आलं म्हणजे अ‍ॅलर्जी असंही नाही, लक्षणं त्या गोष्टीच्या संपर्काशी जुळली पाहिजेत. रिपोर्टवर वांगं लिहिलंय म्हणून वर्षानुवर्षं वांगं न खाणारे भेटतात, नाक मात्र तसंच.

वाशीच्या बाजार समितीत काम करणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. धान्य बाजारात धान्यातले माइट आणि बुरशी ही खरी अ‍ॅलर्जी असू शकते. मसाला बाजारातला मिरचीचा खकाणा हा जळजळीचा प्रकार, तो कुणालाही होतो. रविवारी, सुटीत त्रास कमी होतो का बघा आणि डॉक्टरांना ते सांगा. तुर्भे-महापे किंवा तळोज्याच्या एमआयडीसीतल्या वासाचंही तेच: वास हे जळजळीचं कारण, त्याची प्रिक टेस्ट नसते.

येऊरवाट
इम्युनोथेरपीवर कोणी लिहिणार का?

तुर्भे_नाका
थोडक्यात. १९११ मध्ये लेनर्ड नूनने गवताच्या परागांच्या सुया देऊन सुरुवात केली, तत्त्व आजही तेच: ज्याची अ‍ॅलर्जी, तेच वाढत्या मात्रेत. त्वचेखाली सुई किंवा जिभेखाली थेंब, किमान तीन वर्षं. मधेच सोडलं तर टिकाऊ फायदा मिळत नाही, सुरू करण्याआधी हे मनाशी ठरवा. सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं, कारण क्वचित अंगभर तीव्र प्रतिक्रिया येते. दमा आटोक्यात नसेल तर सुरू करत नाहीत. आणि चाचणीत दहा गोष्टी आल्या म्हणून दहाही एका बाटलीत घालणारा डॉक्टर असेल तर दुसरं मत घ्या.

खाडीपलीकडे
कधी थांबू नये ते मी जोडतो. एकाच बाजूचं नाक बंद, एकाच बाजूने रक्त किंवा घाण वास, वास येणं पूर्ण बंद, डोळ्याभोवती सूज किंवा तीव्र डोकेदुखी असेल तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञ. लहान मुलात एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव म्हणजे आधी मणी किंवा शेंगदाणा अडकलाय का ते बघायचं. रात्री खोकला किंवा छातीत शिट्टी असेल तर दम्याची तपासणी, नाक आणि फुप्फुस ही एकच वाट आहे. गरोदरपणात आधीचा स्प्रे मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. बुडेसोनाइड या स्टेरॉइड स्प्रेचा तिथे जास्त अनुभव आहे.

चुलीपाशी
एक बारीक प्रश्न. स्प्रेची बाटली कधी संपली हे कसं कळतं? आतलं दिसत नाही, आणि दाबलं की काहीतरी निघतंच.

औषधपेटी
लेबलवर फवारे लिहिलेले असतात, समजा १२०. रोज चार फवारे म्हणजे ३० दिवस. उघडल्याची तारीख बाटलीवर मार्करने लिहून ठेवा. आकडा संपल्यावरही फवारा येतो, पण त्यात औषधाची मात्रा भरवशाची नसते. तेव्हा बाटली हलवून 'अजून आहे' म्हणत वापरू नका, नवी घ्या.